दाबायचं की चेतवायचं

परवा लॅबमध्ये नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, अल्झायमरवर काम करणारं सगळं जग अमायलॉइडच्या मागे धावत होतं तेव्हा तुम्ही मेंदूतल्या या मायक्रोग्लिया पेशींच्या नादाला कशा काय लागलात? क्रायोस्टॅटचा, म्हणजे गोठवलेल्या मेंदूचे काप काढायच्या मशीनचा, स्लॉट संपत आला होता म्हणून मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हटलं लिहूनच टाकू एकदाचं. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी पीएचडीला लागले तो नव्वदच्या दशकाचा शेवट. १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी अल्झायमरसाठी अमायलॉइड कॅस्केडची मांडणी केली होती, म्हणजे अमायलॉइड नावाचं प्रोटीन मेंदूत साचतं, त्यातून पुढे टाऊ या दुसऱ्या प्रोटीनच्या गुंतवळी, मग न्यूरॉन मरतात, मग विसरभोळेपणा, अशी सरळ रांग. आणि या रांगेत इन्फ्लमेशनची, म्हणजे मायक्रोग्लियांनी केलेल्या दाहाची, जागा कुठे, तर अगदी शेवटी. न्यूरॉन मेले की साफसफाईला कोणीतरी येणारच ना, त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, असा एकूण सूर. कॉन्फरन्सला आमची पोस्टर्स कायम हॉलच्या टोकाला, चहाच्या टेबलापासून सगळ्यात लांब. माझ्या पहिल्या ग्रँटवर एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की हे सगळं दुय्यम आहे, मूळ कारणावर काम करा. ते पत्र मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं, रागानेच.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा रोग ओळखला जातो त्या खुद्द डॉक्टर अल्झायमरने हे पाहिलेलं होतं. ऑगस्टे डेटर ही त्याची पेशंट, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची, १९०६ मध्ये गेली, आणि तिच्या मेंदूबद्दल त्याने १९०७ मध्ये जे दोन-अडीच पानांचं टिपण छापलं त्यात प्लाक (साचलेल्या अमायलॉइडचे गोळे) आणि गुंतवळींच्या जोडीला ग्लिया पेशींबद्दलही (न्यूरॉनच्या सोबतीच्या पेशी, मायक्रोग्लिया त्यातल्याच) लिहिलंय, त्यांच्यात तंतू वाढलेत आणि कित्येकींच्या पोटात चरबीचे थेंब साचलेत. प्लाक आणि गुंतवळी जगाने उचलल्या, चरबीचे थेंब शंभरेक वर्षं तसेच पडून राहिले. आत्ता आत्ता, एपीओई-४ हा अल्झायमरचा धोका वाढवणारा जीन असलेल्या पेशंटांच्या मायक्रोग्लियात ते थेंब परत सापडले तेव्हा लोक म्हणाले, अरे हे तर नवीनच! नवीन कसलं, मूळ टिपण नीट वाचलं असतं तर.

मायक्रोग्लिया म्हणजे कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेंदूच्या स्वतःच्या प्रतिकार पेशी, भागाभागाप्रमाणे कमी-जास्त, पण सगळ्या मिळून मेंदूतल्या पेशींच्या साधारण पाच-दहा टक्के. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगाने सिल्व्हर कार्बोनेटचं स्टेन वापरून त्या पहिल्यांदा वेगळ्या ओळखल्या, त्याच्या हातची चित्रं आजही बघावीत, आपण आज लाखोंच्या मायक्रोस्कोपवर जे दाखवतो ते त्यात आहे. न्यूरॉनचा मोठा अभ्यासक काहाल, त्याच्या छत्राखाली काम करत होता, पण दोघांचं बिनसलं आणि १९२० मध्ये त्याला तिथून बाहेर पडावं लागलं. या विषयाला भांडणं पहिल्यापासूनच चिकटलेली आहेत.

मला यात ओढलं ते मॅकगीअर दांपत्याच्या पेपर्सनी. पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीअर, व्हँकुव्हर. नवरा आधी कॅनडाकडून १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळलेला, नंतर राजकारणात मंत्री, आणि हे सगळं सांभाळून न्यूरोसायन्स, म्हणजे काही माणसांना दिवसाला तास जास्त मिळतात बहुतेक. १९८८ मध्ये त्यांनी पार्किन्सन आणि अल्झायमरच्या पेशंटांच्या मेंदूत एचएलए-डीआर नावाचं मार्कर असलेल्या, म्हणजे चांगल्याच चेतलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या. पार्किन्सनमध्ये तर नेमक्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये, जिथे डोपामिनवाले न्यूरॉन मरतात तिथेच.

आमच्या सरांनी मला हेच काम दिलं, ब्रेन बँकेतून आलेल्या मेंदूंवर एचएलए-डीआरचं स्टेनिंग. आता हे ऐकायला भारी वाटतं पण प्रत्यक्षात काय, तर फॉर्मालिनमधला करड्या रंगाचा रबरासारखा तुकडा, त्याचे चाळीस मायक्रॉनचे काप, ते काप बफरमध्ये तरंगतात आणि तुम्ही एका बारीक रंगाच्या ब्रशने एकेक उचलून या खड्ड्यातून त्या खड्ड्यात टाकता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. ब्रश जरा जोरात लागला की काप फाटतो आणि फाटलेला काप म्हणजे एका माणसाने मरताना दिलेली गोष्ट फुकट गेली. शेवटी डीएबी हे रंग आणणारं रसायन टाकायचं, ते पारदर्शक द्रावण हळूहळू तपकिरी व्हायला लागतं आणि तिथे नजर हलवायची नाही. लवकर धुतलं तर पेशी दिसत नाहीत, उशीर झाला तर अख्खा काप चहासारखा होतो आणि सगळंच पॉझिटिव्ह दिसायला लागतं. थांबवायचं कधी हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नीट लिहिलेलं नसतं, शेजारी उभं राहून शिकावं लागतं. आणि सगळे काप एकाच बॅचमध्ये, एकाच वेळी थांबवायचे, नाहीतर तुम्ही रोग मोजताय की स्वतःचा आळस हे कळणार नाही.

मोजणी तर ब्लाइंडच. स्लाइडवर नुसते कोड, हा अल्झायमर की हा निरोगी म्हातारा हे तिसऱ्याच माणसाला माहीत. मी याबाबतीत आजही खडूस आहे, लॅबमधली मुलं वैतागतात. पण निरोगी मेंदूतली मायक्रोग्लिया आणि प्लाकभोवती जमलेली मायक्रोग्लिया यात फरक इतका ढळढळीत असतो (एकीच्या लांब नाजूक फांद्या, दुसरीच्या फांद्या आखडून जाडजूड झालेल्या) की कोड असला तरी डोळा अंदाज बांधतोच, म्हणून पुढे आम्ही दोन माणसांकडून मोजून घ्यायला लागलो.

बरं, चेतलेल्या पेशी दिसल्या, पुढे काय? तेव्हाचं लॉजिक सरळ होतं, चेतल्यात ना, मग दाबा. आणि त्याला पुरावा पण होता असं वाटत होतं. मॅकगीअर मंडळींनीच १९९० मध्ये दाखवलं होतं की संधिवाताच्या पेशंटांमध्ये अल्झायमर अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, आणि संधिवातवाले वर्षानुवर्षं काय घेतात, तर दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. २००१ मध्ये रॉटरडॅमच्या मोठ्या अभ्यासातही दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये धोका कमी दिसला. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी पार्टीच होती जवळजवळ.

मग खरी ट्रायल झाली. अ‍ॅडॅप्ट नावाची, घराण्यात अल्झायमर असलेले सत्तरीच्या पुढचे अडीच हजारांच्या आसपास लोक, नेप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब किंवा नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. २००४ च्या डिसेंबरमध्ये हृदयाच्या धोक्यामुळे गोळ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, आणि पुढे त्या लोकांवर लक्ष ठेवलं तेव्हाही अल्झायमर टळला असं काही दिसलं नाही. तोवर ज्यांना रोग झालाय अशांवरच्या ट्रायल्सही एकामागून एक पडल्या होत्या. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं ना, की मेंदूच्या दाहासाठी रोज एखादी पेनकिलर घेऊ का, त्यांना एकदाच सांगते, नका घेऊ. पोट, किडनी, हृदय तिन्हीची वाट लागू शकते आणि बदल्यात स्मृतीला काही मिळतं याचा ट्रायलमधला पुरावा नाही.

त्याहून जास्त हादरले होते मी एएलएसच्या (स्नायू चालवणारे न्यूरॉन मरत जातात तो रोग) ट्रायलने. मिनोसायक्लिन, जुनंच अँटिबायोटिक, मायक्रोग्लियाला शांत करतं, उंदरांमध्ये झकास चाललं होतं, आम्ही स्वतः ते वापरत होतो. ४१२ पेशंटांवर ट्रायल झाली, २००७ मध्ये निकाल आला आणि औषध घेणाऱ्यांची तब्येत प्लासिबोवाल्यांपेक्षा लवकर ढासळली होती. फायदा नाही एवढंच असतं तर ठीक, पण इथे नुकसान! पेपर वाचून झाल्यावर मी आमच्या फ्रीजमधली मिनोसायक्लिनची बाटली बघत होते आणि डोक्यात एकच, की ज्या पेशीला आपण व्हिलन समजून दाबतोय ती कदाचित पेशंटच्या बाजूने लढत असेल.

पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही पक्का होता, हे विसरायचं नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या सिंथेटिक हेरॉइनमधून एमपीटीपी नावाचं विष काही तरुणांच्या शरीरात गेलं आणि ते एकाएकी पार्किन्सनच्या पेशंटसारखे ताठले. त्यांच्यातल्या तिघांचे मेंदू पुढे लँगस्टनच्या टीमने तपासले, विष घेतल्यानंतर तीन ते सोळा वर्षं जगलेले हे लोक, आणि विष केव्हाच निघून गेलेलं असतानाही मायक्रोग्लिया तिथे चेतलेल्याच होत्या, न्यूरॉन मरणं चालूच होतं. म्हणजे एकदा सुरू झालेला दाह स्वतःच्या जिवावर चालत राहू शकतो. १९९९ चा हा पेपर मी प्रत्येक बॅचला वाचायला लावते.

२००५ मध्ये दोन टीम्सनी जिवंत उंदराच्या मेंदूत टू-फोटॉन मायक्रोस्कोपने मायक्रोग्लिया बघितल्या. तोवर आम्ही निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लियाला आरामात बसलेल्या म्हणायचो, आणि व्हिडिओत बघतो तर काय, फांद्या सतत हलतायत, इकडे चाचपतायत, तिकडे जातायत, लेझरने बारीकशी जखम केली की मिनिटांत सगळ्या फांद्या तिकडे वळतायत. मरून गेलेल्या कापांवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते बघून काय वाटलं असेल ते शब्दात नाही सांगता येत, मी तो व्हिडिओ लूपवर लावून जेवले होते.

मग २०१३. माझ्या मते या विषयाची खरी कलाटणी तिथे आहे. आइसलँडच्या आणि ब्रिटनच्या मंडळींनी वेगवेगळं काम करून एकाच वेळी छापलं की ट्रेम-२ या जीनमधला एक दुर्मिळ बदल अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट करतो. आणि ट्रेम-२ मेंदूत कुठे असतो? मायक्रोग्लियात. न्यूरॉनमध्ये नाही. आता जन्मापासून असलेला जीन रोगाचा परिणाम असूच शकत नाही ना, त्यामुळे हे सगळं दुय्यम आहे म्हणणाऱ्यांची एका फटक्यात बोलती बंद झाली. (ते रिव्ह्यूअरचं पत्र मी त्याच आठवड्यात फाडून टाकलं.)

पण खरी मेख पुढे आहे. तो बदल ट्रेम-२ चं काम कमी करतो. वाढवत नाही. म्हणजे मायक्रोग्लिया नीट चेतू शकत नाहीत, प्लाकभोवती जमून त्याला घट्ट आवळून धरू शकत नाहीत, आणि त्यामुळे धोका वाढतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर नासू-हाकोला नावाचा रोग होतो, हाडात पोकळ्या आणि ऐन तिशी-चाळिशीत डिमेन्शिया. इतकी वर्षं आम्ही दाबा दाबा म्हणत होतो आणि जेनेटिक्स म्हणत होतं, चेतवा. बरं त्याच सुमारास सीडी-३३ हा दुसरा मायक्रोग्लियातला जीन पुढे आलेला, तो उलट पेशीला लगाम घालतो आणि तो जास्त असला की धोका जास्त. दोन्ही पुरावे एकाच दिशेला.

लगेच सगळे चेतवण्याच्या मागे. फंडिंग आलं, कंपन्या आल्या, आमची पोस्टर्स हॉलच्या मध्यभागी आली. पण तेवढ्यातच, २०१६ मध्ये बेथ स्टीव्हन्सच्या टीमने दाखवलं की अल्झायमरच्या उंदरात प्लाक जमायच्या आधीच मायक्रोग्लिया कॉम्प्लिमेंटच्या (काय हटवायचं ते खुणावणारी प्रतिकारशक्तीची प्रोटीनं) खुणा लागलेले सिनॅप्स, म्हणजे न्यूरॉनमधले जोड, खाऊन टाकतात. कॉम्प्लिमेंटची हीच यंत्रणा लहानपणी नको असलेले सिनॅप्स छाटायला लागते, ते तिने बेन बॅरेसच्या लॅबमध्ये असताना २००७ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे परत दाबा? मी तेव्हा एका मीटिंगमध्ये म्हटलं होतं, आपण सगळे एकाच पेशीची दोन वेगवेगळ्या वयातली कामं बघून भांडतोय. अजूनही माझं मत तेच आहे.

एक-दोन गोष्टी मोजमापाबद्दल, कारण माझा निम्मा जन्म त्यातच गेलाय. सिंगल सेल सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीत कुठले जीन चालू आहेत ते वाचायचं तंत्र, आल्यावर सगळ्यांना वाटलं आता प्रत्येक मायक्रोग्लिया काय करते ते कळणार, आणि २०१७ मध्ये रोगाशी जोडलेल्या मायक्रोग्लियाचा खास गट सापडला ते काम जबरदस्तच आहे, पण पेशी मेंदूतून सोडवायला एन्झाइम टाकून ३७ अंशांवर ठेवतात ना, तेवढ्यानेच त्या पेशी चेततात. झोपलेल्याला गदागदा हलवायचं आणि मग विचारायचं, काय रे, झोप लागली होती का! आता आम्ही थंडीत किंवा ट्रान्सक्रिप्शन (जीन चालू होणं) थांबवणारी औषधं घालून काम करतो, पण त्याआधीचे बरेच पेपर मी जरा हात राखूनच वाचते.

दुसरं म्हणजे पेट स्कॅन. जिवंत पेशंटच्या मेंदूतला दाह दाखवायला टीएसपीओ नावाच्या प्रोटीनला चिकटणारे ट्रेसर, म्हणजे किंचित किरणोत्सारी खुणेची द्रव्यं, वापरतात. नवे ट्रेसर आले तेव्हा काही लोकांच्या स्कॅनमध्ये सिग्नलच नाही, मशीन तपासलं, डोस तपासला, शेवटी कळलं की त्या माणसांच्या टीएसपीओ जीनमध्येच एका अक्षराचा फरक आहे, त्यामुळे ट्रेसर नीट चिकटतच नाही. आता स्कॅनच्या आधी प्रत्येकाची जीनची टेस्ट करावी लागते. आणि त्याच्यावर कडी म्हणजे, उंदराची मायक्रोग्लिया चेतली की टीएसपीओ वाढतो, माणसाच्या मायक्रोग्लियात तसं होत नाही, माणसात तो सिग्नल पेशींची गर्दी सांगतो, त्यांचा मूड नाही. कितीतरी रंगीत चित्रांचा अर्थ त्यामुळे परत लावावा लागला.

पेशंटच्या घरच्यांना उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट या सगळ्यात मला सापडली आहे, ती इथे सांगून टाकते. ह्यू पेरी यांनी दाखवलं की रोगट मेंदूतली मायक्रोग्लिया आधीच अर्धवट तयारीत असते, मग शरीरात कुठेही इन्फेक्शन झालं, छातीत, लघवीत, की ती जरुरीपेक्षा जास्त भडकते. २००९ च्या एका अभ्यासात अशी दुखणी झालेल्या अल्झायमरच्या पेशंटांची सहा महिन्यांतली घसरण इतरांच्या दुप्पट होती. म्हणून आजी-आजोबा एकाएकी दोन दिवसांत जास्त गोंधळले, झोपाळले किंवा चिडचिडे झाले तर रोग वाढला म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. ताप नसला तरी. म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही.

आता सध्या कुठे आहोत. लेकानेमॅब हे अमायलॉइडविरुद्धचं अँटिबॉडी औषध १८ महिन्यांत घसरण साधारण २७ टक्क्यांनी मंदावतं, आणि ती अँटिबॉडी प्लाकला चिकटल्यावर तो उचलायचं काम कोण करतं, तर आमच्याच मायक्रोग्लिया. म्हणजे अमायलॉइडवाले आणि आम्ही शेवटी एकाच पंगतीत बसलो. पण ट्रेम-२ ला थेट चेतवणारी अँटिबॉडी एएल-००२, जिच्याकडून माझ्यासकट सगळ्यांना फार आशा होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटांवरही निष्फळ ठरली. निकाल आला त्या दिवशी लॅबमध्ये कोणी फारसं बोललं नाही, मग एकाने विचारलं, मॅडम, म्हणजे आता परत दाबायचं का?

नाही रे बाबा. मला वाटतं प्रश्न वेळेचा आहे. २०१९ मध्ये किम ग्रीनच्या लॅबने उंदरांना लहानपणापासून खाण्यातून औषध देऊन मायक्रोग्लिया जवळजवळ नाहीशा केल्या, सीएसएफ-१-आर हा त्यांना जगवणारा रिसेप्टर अडवला की या पेशी जगतच नाहीत, आणि अशा मेंदूत प्लाक जवळजवळ तयारच झाले नाहीत, अमायलॉइड त्याऐवजी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसलं. म्हणजे ज्या पेशी पुढे प्लाकला आवळून धरतात त्याच सुरुवातीला प्लाक घडवायला हातभार लावतात. औषध बंद केलं की काही दिवसांत नव्या मायक्रोग्लिया परत येतात, तेव्हा कुठल्या वयात काढायच्या आणि कुठल्या वयात परत येऊ द्यायच्या हे आम्हाला आता एकाच उंदरांच्या घोळक्यात बघता येतं. तेच सध्या चालू आहे. प्रश्न विचारणारी ती नवीन मुलगी याच प्रोजेक्टवर आहे आणि तिचं म्हणणं आहे की मध्यमवयात काढून परत येऊ दिलेल्या पेशी म्हाताऱ्या उंदरात सगळ्यात चांगलं काम करतील. माझं मत उलट आहे, म्हातारा मेंदू नव्या पेशींनाही लवकरच म्हातारं करतो असं मला वाटतं. म्हातारे उंदीर तयार व्हायला दोन वर्षं जातात, त्यामुळे वाद घालायला आम्हाला भरपूर वेळ आहे.